शिवेच्या आतलं गुरुत्वाकर्षण

मी पत्रकं लिहिते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुठे माझा आवाज चढला तर तो सवयीचा आहे हे लक्षात येईल. थोडा रागाचाही आहे. आमच्या खाडीकाठच्या गावात, जमिनी गेलेल्या घरांतल्या पोरांना दोन गोष्टी लवकर कळतात: मोर्चात सावली कुठे मिळते आणि पत्रकाची पहिली ओळ कशी असावी. मी दुसरीत हात साफ केला. वर संताप, मध्ये मागणी, खाली जागा आणि वेळ. एवढ्यात जे मावत नाही ते लोकांपर्यंत पोचत नाही, असं माझं ठाम मत होतं.

माझ्या चुलत बहिणीचं यंत्र त्यात काही केल्या मावेना.

ताय, म्हणजे माझ्या मोठ्या काकांची मुलगी, गावाला लागून असलेल्या कॉलेजात भौतिकशास्त्रात पीएचडी करत होती. हे कॉलेज आमच्याच भातशेतांवर उभं आहे. वर निळ्या काचा, खाली तळघर, आणि तळघराच्या अगदी टोकाच्या खोलीत ताय. खोलीत हवा काढून घेतलेली एक काचेची हंडी. हंडीत केसाहून बारीक तारेला एक आडवी कांडी टांगलेली आणि कांडीच्या दोन्ही टोकांना सुपारीएवढी वजनं. त्यांच्या शेजारी दुसरी दोन वजनं हळूहळू सरकवत आणायची. वजनं एकमेकांना ओढतात, कांडी इवलीशी वळते. कांडीवर आरसा, आरशावर लेझर, समोरच्या भिंतीवर लाल ठिपका. ठिपका किती सरकला ते मोजायचं. बस. इतकी वर्षं ही बाई तळघरात बसून हेच करत होती.

"पण वस्तू एकमेकींना ओढतात हे सगळ्यांना माहितीये ना?" मी एकदा विचारलं.

"लांबून ओढतात ते माहितीये. अगदी चिकटून बसल्यावर तोच नियम चालतो का, त्याचा नीट पत्ता नाही."

"आणि नाही चालला तर?"

"तर लय मजा."

"लोकांना त्याचा काय उपयोग?"

ताय चष्मा पुसत होती. पुसायची थांबली. "तुझे ते लोक म्हणजे नक्की कोण गो? मी नाही का त्यांच्यात?"

मी माझाच प्रश्न आणखी जोरात विचारला. मग कंटाळून तिने सांगितलं की अशाच तत्त्वावरची, पण दणकट यंत्रं असतात. ती जमिनीवर फिरवली की खाली कुठे पोकळी आहे, कुठे पाणी आहे, याचा अंदाज येतो. रस्ता खचायच्या आधी कळू शकतं.

झालं! माझं पत्रक तिथल्या तिथे तयार. 'रस्ते गिळणारे खड्डे शोधणारी आपल्या गावची लेक!' मी ते तिला अभिमानाने दाखवलं. तिने लाल पेनाने ओळच उडवली.

"मी खड्डे शोधत नाही."

"पण शोधू शकतेस."

"मी नाही शोधू शकत. माझं यंत्र उचलून रस्त्यावर नेलं तर ते फक्त मोडेल."

"अगं, लोकांना समजायला नको?"

"समजायला पाहिजे ना? मग खरं सांग. मी दोन सुपाऱ्यांची ओढाताण मोजते."

'दोन सुपाऱ्यांची ओढाताण' या मथळ्यावर कुठलंही आंदोलन उभं राहत नाही. मी करून बघितलंय.

आंदोलनाची गरज मात्र खरी होती. कॉलेजच्या व्यवस्थापनाने एक दिवस कळवलं की तळघर रिकामं करायचं. तिथे नवउद्योजकांसाठी केंद्र होणार. नवउद्योजक कोण ते अजून ठरलं नव्हतं, पण त्यांना बसायला मऊमऊ गाद्यांच्या पिशव्या येऊन पडल्या होत्या, आणि त्यांना जागा हवी म्हणून कित्येक वर्षं जमवलेली तार उतरवायची होती. मी निषेधाचं पत्रक काढलं. व्यवस्थापनाने ते वाचलं की नाही माहीत नाही, पण गेटवरच्या वॉचमनकाकांनी ते नीट घडी घालून चहाच्या ग्लासाखाली ठेवलेलं मी स्वतः पाहिलं.

इकडे तायच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण अडलं होतं. बाहेरच्या परीक्षकांनी सांगितलं होतं, आधीची मापनं ठीक आहेत, पण सगळ्यांत थरथर आहे. एक तरी स्वच्छ मापन द्या, नाहीतर निष्कर्ष काढता येणार नाही. आणि स्वच्छ मापन ही आमच्या भागात मिळायला सगळ्यात अवघड गोष्ट. हायवेवरून एपीएमसीच्या घाऊक बाजाराकडे ट्रक गेला की ठिपका थरथरतो. लिफ्ट खाली आली की थरथरतो. आणि या सगळ्यावर ताण म्हणजे खाडी. भरतीचं पाणी चढलं की भराव टाकून केलेली आमची जमीन एका बाजूने अगदी किंचित दबते, इमारत झुकते, आणि ठिपका भिंतीवर फिरायला निघतो. पहिलं वर्षभर ताय आणि तिच्या गाईड मॅडम यंत्रात दोष शोधत होत्या. मग तायने ठिपक्याचा आलेख आणि भरती-ओहोटीचं वेळापत्रक शेजारी शेजारी ठेवलं आणि डोक्याला हात लावला. आमचे पणजोबा ज्या पाण्याला बांध घालून शेती करायचे, तेच पाणी तिच्या सुपाऱ्या हलवत होतं.

म्हणजे काय हवं? भांगाची भरती हवी, म्हणजे अष्टमीच्या आसपासची, जेव्हा पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. रविवार हवा, म्हणजे कॉलेजात लिफ्ट बंद आणि रस्त्यावर ट्रक कमी. आणि व्यवस्थापनाचे सुतार येण्याच्या आत हवं. सुतार सोमवारी येणार होते. तिन्ही गोष्टी जुळणारी एकच दुपार उरली होती.

त्या दिवशी तायची हळद होती.

लग्न पुढे ढकला असं सुचवणारी मी एकटीच. काकीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी खाडीच सरकवायला सांगत होते. हॉल घेतलेला, मुहूर्त काढलेला, नवरदेव मोरा गावचा, त्याच्याकडची शंभर माणसं तयार. खुद्द ताय शांत होती. तिचं गणित साधं होतं: हळद संध्याकाळी लागणार, दुपारी ती तळघरात जाऊन यंत्र लावणार, चारेक तास मापन घेणार, आणि दिवे लागायच्या आत मांडवात परत. मॅडमनी गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे पलंगावरूनच आशीर्वाद दिला होता. तारेवरची ती कांडी हाताने शांत करायची कला दोघींनाच येत होती, आणि त्यातली एक पलंगावर.

"फक्त एक काम कर," ताय मला म्हणाली. "दादाला सांभाळ."

दादा म्हणजे तायचा सख्खा भाऊ. आमच्या पंचक्रोशीतला डीजेवाला. आमच्या आगरी हळदीला डीजे लागतो म्हणजे काय, हे ज्यांच्या खिडक्या आमच्या गावाकडे उघडतात त्या सोसायट्यांना विचारा. कॉलेज मांडवापासून हाकेच्या अंतरावर.

"माझे बहिनीची हलद, आन डीजे बंद?" दादा स्पीकरवर हात ठेवून उभा होता. छातीवर हात ठेवतात तसा. "लोका काय बोलतील? याचा धंदा बसला बोलतील."

"फक्त दुपारभर, दादा. विज्ञानासाठी."

"कंचे विज्ञानासाठी? ते सुपाऱ्यांसाठी?"

"हो."

"दोन सुपाऱ्यांसाठी सोला स्पीकर गप बसवू?"

मग मी ते केलं जे मला येतं. पत्रक काढलं. 'आज दुपारी गावात शांतता! आपली लेक असं मापन घेत आहे, जे आपल्या मातीत आजवर कुणी घेतलेलं नाही. नाच नको, गाणं नको, गाडीचा हॉर्न नको. तिच्यासाठी गप्प बसा! जागा: कॉलेजचं तळघर. वेळ: दुपार.' घरोघर वाटलं. पीठ लागलेल्या हातांनी बायकांनी घेतलं, तांदळाच्या वड्यांच्या परातीखाली ठेवलं, एकमेकींना वाचून दाखवलं. दादानेही एक घेतलं, वाचलं, आणि वायरी गुंडाळायला बसला. मला वाटलं, जिंकले.

रविवार उजाडला आणि पहिलीच माती झाली. मोऱ्याहून नवऱ्याची उष्टी हळद घेऊन त्यांच्या बायका संध्याकाळी येणार होत्या, त्या सकाळीच आल्या. ऊन व्हायच्या आत निघालो म्हणाल्या. आता दारात आलेली हळद संध्याकाळपर्यंत ताटकळत ठेवायची कशी? ताय पिशवीत लॅपटॉप भरत होती. तिला तशीच ओढून पाटावर बसवलं. आमच्या धवलारीण मावशींनी लग्नाचं गाणं, म्हणजे धवळा, सुरू केला. धवलारीण म्हणजे आमच्या लग्नात भटजीच्या आधी जिचा शब्द चालतो ती बाई. देवाला बोलावते ती, नवरीला निरोप देते ती, आणि कुणी रीत मोडली तर भर मांडवात त्याची गाण्यातून खरडपट्टी काढते तीही तीच. बघता बघता ताय कपाळापासून पावलांपर्यंत पिवळी.

आणि हळद लागलेली नवरी शीव ओलांडत नाही.

"पण मी जाऊन लगेच येते," ताय म्हणाली.

"कुठं जाऊन येते?" काकी. "अंगाला हलद लागली तुझे. गावाबाहेर पाय टाकाचा नाय."

"आई, उद्या ते सगळं तोडणार आहेत."

"तोडू दे. तुझा संसार जोडतोय ना आमी?"

तायने वाद घातला नाही. ती पाटावर तशीच बसून राहिली आणि तिने चष्मा काढला. चष्मा काढल्यावर तिला समोरचं काही दिसत नाही. ती तो काढते तेव्हा तिला काही बघायचं नसतं, एवढं मला लहानपणापासून ठाऊक आहे. माझं डोकं फिरलं. मी रीतीभातींच्या विरोधात जे बोलायला सुरुवात केली ते आज छापलं तर काकी मला पुन्हा जेवायला वाढणार नाही. मोऱ्याच्या बायका कौतुकाने ऐकत होत्या. त्यांना वाटलं हा हळदीचाच एखादा प्रकार आहे.

धवलारीण मावशींनी गाणं थांबवलं. पानाचा विडा एका गालातून दुसऱ्या गालात नेला.

"तू जरा उगी ऱ्हा," त्या मला म्हणाल्या. मग काकीकडे वळल्या. "शीव शीव करतंस, तं शीव कुठं हाय ता तरी सांग."

"कंची शीव? गावाची. कमान हाय तिथं."

"कमान? ती नगरसेवकाने बांधली. कमान म्हंजे शीव नाय. आपली शीव खारीचे बांधावर. बांधाचे अलीकडं जा हाय ता सगला गाव. आता सांग, कॉलेज कुनाचे वावरान हाय?"

काकीने कॉलेजच्या दिशेने पाहिलं.

"तुझे सासऱ्याचे. तिथं जी काचेची माडी हाय, तिथं आपला खला व्हता. मी भात झोडलाय तिथं. मंग नवरी आपलेच खल्यावर चालली. शीव कुठं ओलांडली?"

मांडवात सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मी तर जागच्या जागी उभी राहिले. ही जमीन आमची होती हे सांगणारी किती पत्रकं मी लिहिली, किती जणांच्या टेबलावर नेऊन ठेवली, आणि प्रत्येकाने संबंधित विभागाकडे बोट दाखवलं. आणि इथे एका बाईने विडा चघळत, एका दमात निकाल दिला, आणि तो मांडवाने मान्यही केला.

काकीनेच शेवटी पदर खोचला. "मंग एकटी नको जाऊस. करवलीला ने." करवली मी. "आन मावशीला ने. आन हातान लोखंड पाहिजे." तिने तायच्या हातात अडकित्ता कोंबला.

"लोखंड नको!" ताय किंचाळलीच. "यंत्राजवळ लोखंड चालत नाही!"

"हलदीचे नवरीला लोखंडाशिवाय सोडत नाय," धवलारीण मावशी म्हणाल्या. या बाबतीत मात्र तडजोड नव्हती. चालता चालता वाद सुरू राहिला. तायने सांगितलं की लोखंड हललं की आसपासचं चुंबकत्व हलतं, आणि तिच्या कांडीला ते कळतं. मावशींनी सांगितलं की लोखंड नसलं की वाऱ्यावरच्या बाधा येतात, आणि नवरीला ते कळतं. मला दोघींचं म्हणणं एकाच पत्रकात छापता आलं असतं.

गेटवर वॉचमनकाका उभे राहिले. सोलापूरकडचे, स्वभावाने भिडस्त. "अवो ताई, आज रविवार. सायबांनी कुणाला सोडायचं न्हाई म्हणून सांगितलंय." मग त्यांनी तिचा पिवळा चेहरा पाहिला, मग मावशींना पाहिलं, आणि मग आमच्या मागे पाहिलं आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

मीही वळून पाहिलं. अख्खी हळद आमच्यामागे आली होती.

पत्रकात मी जागा आणि वेळ छापली होती ना. सवय. आमच्याकडे पत्रकावर जागा आणि वेळ असली की लोक जातात, इतकी वर्षं मीच त्यांना लावलेलं वळण. काकी होती, मोऱ्याच्या बायका होत्या, काका एपीएमसीतले आपले दोन भागीदार घेऊन आले होते, आणि दादा आपली सगळी पोरं घेऊन. सगळे पिवळे, आणि सगळे तोंडावर बोट ठेवून. माझं पत्रक अक्षरशः पाळत, चिडीचूप, शेकडो पावलांनी जमीन हादरवत येत होते.

"पास हाय का तुमच्याकडं?" वॉचमनकाकांनी हळूच विचारलं.

"आमचे खल्यावर आमाना पास?" मावशी म्हणाल्या, आणि आत शिरल्या. वॉचमनकाकांनी कपाळाला हात लावून गेट उघडलं, वर म्हणाले, "पण झाडांच्या कुंड्यांना हात लावू नका बरं का, मोजल्यात त्या."

तळघराच्या दाराशी पुन्हा अडकित्ता आडवा आला. ताय दारात, मावशी दारात, मध्ये मी.

"ह्या भिंतीन काय हाय?" मावशींनी अचानक विचारलं.

"काँक्रीट."

"त्यात?"

"सळया."

"कशाच्या?"

तायने अडकित्त्याकडे पाहिलं. "लोखंडाच्या."

"चारी बाजूंनी?"

"वरून आणि खालूनपण."

"आन ता चालतो तुझे यंत्राला?"

"हलत नाही ना ते. गप्प बसलेलं लोखंड चालतं."

"मंग झाला. नवरी लोखंडानच बसलीय." मावशींनी अडकित्ता माझ्या हातात दिला. "तू बाहेर ऱ्हा, घेऊन. आन हलू नको."

मी बाहेरच्या जिन्यात, पायरीवर, दाराच्या फटीतून आतलं दिसेल अशी बसले. ताय हात धुऊन आली होती, पण हळद अशी धुऊन जाते थोडीच. पिवळ्या बोटांनी तिने एक बारीक स्क्रू फिरवायला सुरुवात केली, इतका हळू की तो फिरतोय हे दिसत नव्हतं. भिंतीवरचा लाल ठिपका आधी मोठ्या हेलकाव्यात इकडून तिकडे जात होता. मग छोट्या. मग आणखी छोट्या. ती श्वास सोडताना मान बाजूला वळवत होती. ठिपका थांबत आला, आणि पुन्हा डुगडुगला.

"बाहेर कोण आहे?" ती आतून म्हणाली.

"सगळे."

"सगळे म्हणजे?"

"अगं सगळे म्हणजे सगळेच. पण गप्प आहेत!"

"गप्प राहून काय करतायत?"

मी जिन्यातून मान वर काढून बघितलं. माणसं गप्प राहून येरझाऱ्या घालत होती. शांतता राखली जातेय की नाही हे बघायला काकी गोल गोल फिरत होती, आणि तिच्यामागे शांतता राखण्यासाठी आणखी बायका. दादाची पोरं लोकांना "बोलू नका" हे सांगायला धावत जात होती.

"चालतायत," मी म्हटलं.

"देवा! अगं, आवाजाचं काही नाही. हंडीत हवाच नाही, बोलणं पोचणार कुठून? पाय नकोत! पाय! आणि आता जाऊ पण देऊ नको, सगळे एकदम चालायला लागतील. जिथे आहेत तिथे बसव. बोंबलले तरी चालेल."

म्हणजे 'गाणं नको, हॉर्न नको, गप्प बसा' यातलं गप्प कुणालाच नको होतं. फक्त बसायचं होतं. एवढं विचारून घेतलं असतं तर कागद वाचला असता. पण विचारत बसलं की पत्रक वेळेवर निघत नाही.

आता आगरी हळदीला आलेल्या माणसांना दुपारभर एका जागी बसवायचं. करून दाखवा. मी वर जाऊन दबक्या आवाजात घोषणा दिली, "सर्वांनी खाली बसून घ्या!" अर्धे बसले, ते बसलेत की नाही हे बघायला उरलेले अर्धे उठले. दादा म्हणाला, "असा नाय व्हत. लोकाना काय तरी द्यावा लागतो." त्याला स्वतःच्या धंद्यातलं कळतं. तो मावशींच्या पुढ्यात जाऊन मांडी घालून बसला. "मावशे, तू बोल. लांबडा धवला बोल. हलूहलू."

मावशी काचेच्या माडीच्या सावलीत, फरशीवर पाय पसरून बसल्या. फरशीवर दोनदा तळहात फिरवला. मग त्यांनी धवळा धरला. डीजेच्या हळदीत धवळा कुणी ऐकत नाही हो. तो सुरू असतो आणि लोक जेवणाच्या रांगेत असतात. त्या दुपारी ऐकण्यावाचून इलाजच नव्हता. एकेक बाई खाली बसत गेली. मोऱ्याच्या बायकांना त्यातले शब्द येत होते, थोडे वेगळे, त्या आपले शब्द घालून मागून म्हणायला लागल्या. वॉचमनकाकाही कुंडीशेजारी उकिडवे बसले. काकी सगळ्यात शेवटी बसली. तिला तिथे कुठे बसावं ते कळेना, मग ती खांबाजवळ जाऊन बसली आणि काकांना म्हणाली, "हितंच माझी पयली भाताची रास लागली व्हती ना?" काका "हां" म्हणाले आणि रुमालाने घाम पुसत बसले. घाम बराच होता, डोळ्यांपर्यंत.

मी पायरीवर. हातात अडकित्ता, हलायचं नाही. भिंतीवरचा ठिपका डुलायचा कमी कमी होत गेला, आणि मग चक्क उभा राहिला. ताय खुर्चीत चढून, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. तिने मोटर सुरू केली. बाहेरची वजनं मुंगीच्या पावलांनी जवळ आली. आणि ठिपका, कुणी न ढकलता, कुणी न ओढता, भिंतीवर सरकला. एवढासाच. नखाच्या रुंदीएवढा. वजनं लांब गेली, तो परत आला. पुन्हा जवळ, पुन्हा सरकला. मी मोर्चे पाहिलेत, लाठ्या पाहिल्यात, पण कुणीही काहीही न करता काहीतरी हलतंय हे तेव्हाच पाहिलं.

मध्येच माझा फोन थरथरला. नवरदेव. मी कुजबुजत उचलला.

"आमच्या बायका फोन उचलत नाहीत. नवरी पळाली काय?"

"तळघरात आहे. मोजतेय."

"मग मोजू दे. मी नंतर करतो." फोन बंद. हा माणूस मला त्या क्षणी आवडला.

पाठोपाठ समोरच्या सोसायटीतल्या काकूंचा. दर हळदीला पोलिसांना फोन करणाऱ्या याच. आवाज कापरा. "अगं, आज तुमच्याकडे डीजे नाही... काही वाईट तर नाही ना झालं?"

ऊन उतरलं तेव्हा ताय बाहेर आली. चष्म्याच्या काचेवर हळदीचा ठसा.

"झालं," ती म्हणाली. "स्वच्छ."

सगळे एकदम उठले. काकीने पहिला प्रश्न विचारला, "काय सापडला?"

"काहीच नाही सापडलं, आई. नियम आहे तोच आहे. जवळूनही तेवढाच ओढतो."

"म्हंजे सगला जागच्या जागी हाय?"

"हो."

"बरा झाला बाय," काकी म्हणाली, आणि तिच्या गालावरची हळद नीट केली. मला हे उत्तर अजिबात आवडलं नाही. एवढा आटापिटा, आणि निष्कर्ष काय, तर जैसे थे? पण ताय हसत होती, आणि मावशी मान डोलावत होत्या, त्यामुळे मी निषेध राखून ठेवला.

दादा तोवर धावत सुटला होता. आम्ही कमानीपाशी पोचायच्या आत सोळाच्या सोळा स्पीकर बोलायला लागले, आणि इतका वेळ दाबून ठेवलेले ते शेकडो पाय एकदम सुटले. आत तळघरात यंत्र बंद करायचं राहून गेलं होतं.

सोमवारी सुतार आले. ताय तेव्हा बोहल्यावर होती. आज तिथे गाद्यांच्या पिशव्या आहेत आणि नवउद्योजक अजून यायचेत. त्याबद्दल माझं स्वतंत्र पत्रक आहे, ज्याला हवं त्याने मागून घ्यावं.

काही महिन्यांनी तायची शेवटची तोंडी परीक्षा झाली, सगळ्यांसाठी खुली. खुली म्हटल्यावर आमचे लोक आलेच. मागच्या दोन रांगा भरल्या: काकी, दादा, धवलारीण मावशी, मोऱ्याचा नवरदेव मांडीवर वड्यांचा डबा घेऊन. परीक्षक बाहेरून आलेले, गंभीर. पडद्यावर त्या दुपारचा आलेख होता: वर, खाली, वर, खाली, नांगरलेल्या शेतासारखा नीट. परीक्षकांनी मान डोलावली. तायने खांदे खाली सोडले. मग परीक्षकांनी चष्मा वर केला आणि आलेखाच्या उजव्या टोकाकडे बोट दाखवलं. ती बाजू कापायची राहून गेली होती. तिथे रेषा वेडीपिशी होऊन पडद्याच्या बाहेर गेली होती.

"हे काय आहे? भूकंप?"

ताय आलेखाकडे वळली. मग तिने अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असं सांगितलं.

"नाही सर. माझी हळद."

मागून दादा उभा राहिला. "सर, त्याची एक झेरॉक्स भेटेल का? डीजेच्या गाडीवर लावीन. मशीनने दिलेला सर्टिफिकेट हाय."

मॅडम काठीवर हात ठेवून हसू आवरत होत्या. परीक्षकांना आवरलं नाही. आणि त्या हशात धवलारीण मावशींनी विचारलं, "पोरगी पास झाली का नाय ता आधी सांगा. वडे गार झाले."

"झाली," परीक्षक म्हणाले, आणि डब्याकडे हात केला.